कण्यांचा रंग

शेड कार्डावर एकोणीस पांढरे होते.
दस्तगीर चहा पीत होता तेवढ्यात मी मोजले.
प्रत्येकाला नाव, आणि एकही नाव आपलं नाही.
ऑयस्टर. ओटमील. लिनन मिस्ट.
दस्तगीरनं बशी खाली ठेवली, चष्मा कपाळावर ढकलला
आणि बोट ठेवत बारसं करत गेला:
ह्यो जोंधळ्याच्या पिठाचा.
ह्यो हरिपूरच्या वाळूचा, उन्हात वाळल्याली.
ह्यो ताक ढवळायच्या आधीचा.
ह्यो सोडा, ह्यो सिव्हिल हॉस्पिटलचा.
आनि ह्या कण्या, वहिनी. शिजवून गार झाल्याल्या.

कण्याच दे, म्हटलं.

सव्वीस वर्षं दारातली ही पाच फुटांची भिंत
पिवळी होती.
येणारे म्हणायचे, किती शुभ.
शुभबिभ काही नव्हतं.
हे मार्केट यार्डातून यायचे,
डावा हात भिंतीला टेकून
उजव्या पायातली चप्पल काढायचे.
हंगामात तर भुवयांतसुद्धा हळद,
शिंकले तरी पिवळं.

नवी होते तेव्हा पांढरी भिंत मागितली होती मी.
मिळाली. तीन आठवडे टिकली.
पंजा उमटला, पाचही बोटं सुटी सुटी.
पुसला तर पसरला.
साबण लावला तर लालभडक झाला,
जशी काही मीच कुणाला तरी मारलं होतं तिथं.
पुढच्या दिवाळीला भिंतच हळदीची करून टाकली.
डाग दिसू नये म्हणून
डागाच्या रंगाचं घर.

तेव्हापासून मनात एक रंग होता, त्याला नाव नव्हतं.
आत येणाऱ्याला काही न विचारणारा.
हातातली पिशवी घेईल, पाणी देईल,
आणि बाकीचं जेवणं झाल्यावर बघू म्हणेल,
असा.

मार्च अखेरीला ह्यांनी गाळा पुतण्याला दिला.
गुडघे, म्हणाले. आणि धूळ सोसत नाही आता.
शेवटचं पोतं कुणाचं होतं, काय दरानं गेलं,
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी दस्तगीरला फोन केला.

प्रायमरचा एक हात झाला. दुसरा झाला.
वर येतीया हळद, तो म्हणाला,
लई मुरलीया ओ.
तिसरा हात दिला, फुकट.
तरी जाताना सांगून गेला:
सांजच्या उन्हात जरा पिवळं मारंल बघा.
मला नावं ठेवू नका.

'भूपाल सातगोंडा मगदूम' ही पाटी परत बसवली.
आरसा लावला, छोटा.
चपलांचं कपाट, वर पितळेची घंगाळी,
तिच्यात काही ठेवलं नाही. काही ठेवावंसं वाटलं नाही.
शंभर फुटी रस्त्यावरचा सगळा गोंगाट
दारापर्यंत येतो आणि भिंत बघून आवाज कमी करतो,
असं मला पहिले दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी हे भाजी घेऊन आले.
दार उघडंच होतं.
डावा हात उचलला
आणि भिंतीपासून चार बोटांवर थांबवला.
एका पायावर उभे, डोलतायत,
चप्पल काही सुटेना.

टेका की, म्हटलं.
डाग पडंल.
पडू दे.

टेकले. चप्पल निघाली.
मेथीची जुडी माझ्या हातात देऊन
आत गेले, हात धुवायला,
सवयीनं, कोपरापर्यंत.

मी चष्मा आणला. दिवा लावला.
वाकून बघितलं, बाजूनं बघितलं.
कण्या. नुसत्या कण्या.

आतून हाक आली, दिवस बुडायला आलाय,
जेवायचं ना?
आमच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत.
आले, म्हटलं,
आणि स्टूल ओढून तिथंच बसले.
समोरच्या इमारतीच्या टाकीआडून
ऊन सुटायला
अजून दोनेक मिनिटं होती.